समजून घ्या : मुलींच्या बास्केटबॉल संघाचा हिशेब मोहर्लीपासून का मांडायचा?

विद्यापीठाचा संघ स्पर्धेहून परतला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : जिंकले की हरले? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या मुलींच्या बास्केटबॉलबाबत हा प्रश्न अर्धवट आहे. आधी विचारायला हवे, मोहर्लीसारख्या गावातली मुलगी मैदानापर्यंत पोहोचते का?

२०११ मध्ये काय बदलले?

तोवर या दोन्ही जिल्ह्यांतली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न होती. संघातल्या १२ जागांसाठी इथल्या मुलींची गाठ नागपूरच्या क्लबमध्ये लहानपणापासून खेळणाऱ्या मुलींशी पडायची. गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आले आणि १२ जागा हक्काच्या झाल्या. पण वाटणी विद्यापीठाची झाली, मैदानांची नाही. नागपूरचे क्लब, कोर्ट आणि प्रशिक्षक नागपुरातच राहिले.

एका पराभवात घरी कसे?

महाविद्यालयांच्या स्पर्धेतून खेळाडू निवडायचे, शिबिर घ्यायचे आणि पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरायचे, असा हा मार्ग. तिथे महाराष्ट्रासह गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातली विद्यापीठे असतात. सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या. पहिले चार संघच अखिल भारतीय पातळीवर जातात. पहिल्याच दिवशी मुरलेला संघ समोर आला, तर ४० मिनिटांत वर्षाचा निकाल लागतो. कागदावर उरतो तो फक्त पराभव. अठराव्या वर्षी पहिल्यांदा चेंडू हातात घेतलेली मुलगी दहाव्या वर्षापासून खेळणारीला अडवत असेल, तर ते कुठेच नोंदले जात नाही.

धाडस कमी पडते का?

अजिबात नाही. मोहर्ली हे ताडोबाचे प्रवेशद्वार. इथे महिला गाइड पर्यटकांना वाघाच्या जंगलात नेतात. २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. त्यात मनीषा धुर्वे ही मुलगी होती. त्यामागे कित्येक महिन्यांचे प्रशिक्षण होते.

अडते ते वेगळ्याच ठिकाणी. चंद्रपूर इथून सुमारे ३० किलोमीटर. सराव कॉलेज सुटल्यावर, म्हणजे संध्याकाळी. परतीचा रस्ता जंगलातला. बस चुकली तर? घरचे 'नको' म्हणतात ते खेळाला नाही, त्या रस्त्याला.

जिंकणारे संघ कसे घडतात?

अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींनी २०१४ ते २०१७ या काळात सलग १११ सामने जिंकले. खेळाडू आणि प्रशिक्षक उत्तम होतेच. पण पाया १९७२ च्या कायद्याने घातला होता. सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करायला त्याने बंदी केली आणि शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर मुलींची संख्या कित्येक पटींनी वाढली. विक्रम नंतर आले.

मग इथे करायचे काय?

सुरुवात 'थ्री बाय थ्री'पासून करता येईल. त्याला पूर्ण २८ बाय १५ मीटरचे कोर्ट लागत नाही. १५ बाय ११ मीटर जागा आणि एक रिंग पुरते. संघात चार मुली, त्यातल्या तिघी मैदानात. सामना १० मिनिटांचा किंवा २१ गुणांचा. टोकियोपासून हा ऑलिम्पिक खेळ आहे. एवढे कोर्ट शाळेच्या आवारात बसते आणि मुलगी अंधाराआधी घरी पोहोचते.

कबड्डी, खो-खो आहेच की, असे कुणी म्हणेल. ते आहेतच आणि राहावेत. पण साधनांशिवाय जमणारे खेळच खेड्यातल्या मुलींच्या वाट्याला यावेत, हा नियम कुणी केला?

कॉलेजच्या सरावानंतर घरी सोडणारे वाहन किंवा वसतिगृहात जागा, ही पुढची पायरी. विद्यापीठाने दरवर्षी निकालासोबत आणखी एक आकडा जाहीर करावा : निवड चाचणीला किती मुली आल्या आणि किती गावांतून. तो वाढत गेला की गुणफलकही मागोमाग बदलेल.