मान नरम, बूड कडक

टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या कॉलेजच्या मित्राला सध्या नेमबाजीचं वेड लागलंय. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरणं हा तिकडे रीतसर छंद आहे. (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत, तेव्हा कोणी डोकं चालवू नका.) त्याचा प्रश्न: अनीलिंगचं मशीन कुठलं घेऊ? धातुशास्त्र आम्ही दोघांनी एका रात्रीत उरकलेलं, पण मत द्यायला कोण अडवतंय! :)

मुळात हे लागतं कशाला? पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. बार उडाला की मान फुगते, मग डायमध्ये दाबून ती परत मापात आणायची. तार वाकवत राहिलं की कडक होऊन तुटते ना, तसंच. काही फेऱ्यांनंतर मानेला चीर जाते. तापवलं की पितळ पुन्हा नरम. तांबट आळीत हंडा ठोकताना मधेच भट्टीत घालतात तो ह्याचसाठी.

ह्या विषयाचा धागा आपल्या पावसाळ्याशीही जुळतो बरं का. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं इथल्या तबेल्यांत ठेवलेली असताना पावसाळ्यात आपोआप तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळात उरलेला ताण, हे गणित १९२१ साली नीट सुटलं. उपाय? तापवून ताण काढा.

असो. मशीनकडे येऊ. गॅसच्या ज्योतीवर पुंगळ्या फिरवणारं मशीन काहीशे डॉलरला मिळतं. इंडक्शनवालं, म्हणजे न्यूझीलंडचं एएमपी वगैरे, हजाराच्या पुढे. ते एका पुंगळीचा बळी घेऊन मोजमाप करतं आणि बाकीच्यांना तितकीच उष्णता देतं. तिसरा प्रकार वितळलेल्या मिठाचा. पाचशे अंशाच्या आसपासच्या नायट्रेटमध्ये पाण्याचा थेंब पडला तर काय उडेल ते आठवा आणि विषय सोडा.

जाहिराती नेम सुधारण्याच्या गोष्टी सांगतात. माझ्या मते तुम्ही विकत घेता ती फक्त एकसारखेपणाची हमी. वर्षाला दोन-तीनशे पुंगळ्या करणाऱ्याला ज्योतीचं मशीन भरपूर झालं. फक्त वेळ बारीक फरकाने लावता यायला हवी, आणि पुंगळी आपसूक खाली पडायला हवी. प्रत्येक वेळी सिलिंडरचा दाब नि वारा वेगळा, म्हणून सुरुवातीला ठराविक तापमानाला वितळणारा रंग लावून दोन-चार पुंगळ्या तपासायच्याच. लालीवर भरवसा ठेवू नका. दिवा लावला की तीच लाली दिसेनाशी होते.

खरा जीव अडकलाय तो बुडात. .३०८ विंचेस्टरच्या काडतुसात ६२,००० पीएसआयपर्यंत दाब जातो; गाडीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस असतो. हा दाब पेलायला बूड कडकच हवं. उष्णता तिथवर उतरली तर ते नरम पडतं, आणि नरम बूड फाटलं की तापलेला वायू बंदूकवाल्याच्या तोंडावर. वाईट भाग असा, की नरम बूड डोळ्यांना ओळखू येईलच असं नाही. हजार डॉलरचं मशीनही चुकीचं सेटिंग मुकाट्याने पाळतं. मोटर मधेच अडकून एखादी पुंगळी ज्योतीत राहिली, तर ती पकडीने चेपून भंगारात. कंजूषपणा नको.

आणि हो, पाण्यात बुडवायची का, हेही त्याने विचारलंय. पोलादासारखं पितळ त्याने कडक होत नाही. हात भाजू नये म्हणून खुशाल बुडव, पण भरण्याआधी वाळव.