पक्के दात बसवले, पण वर्षभरात हलायला लागले: दोष इम्प्लांटचा की स्क्रूचा?

‘तीन दिवसांत पक्के दात’, ‘कवळीला कायमचा निरोप’. असे रील्स सध्या कुणाच्याही फीडवर दिसतात. आधी बोळकं तोंड, मग ड्रिलचा आवाज, मग आरशात बघून हसणारे आजोबा. तीस सेकंदांत विषय संपतो.

खरा विषय मात्र त्यानंतर सुरू होतो. सहा महिने, वर्ष, दोन वर्षं जातात आणि एक दिवस जेवताना दात किंचित हलल्यासारखा वाटतो. घरात एकच चर्चा होते, ‘एवढे पैसे घातले आणि इम्प्लांट फेल गेलं.’

अनेकदा तसं झालेलं नसतं. हाडात बसवलेला भाग घट्ट असतो, वरचा दातही शाबूत असतो. सैल झालेला असतो तो या दोघांना जोडणारा, जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा एक स्क्रू. तो वेळेत आवळला किंवा बदलला, तर काम भागतं. पण इथेच दुसरी अडचण उभी राहते. हा स्क्रू कोणत्या कंपनीचा आहे, हेच कुणाला माहीत नसतं.

सातारा आणि सांगलीच्या रुग्णांसाठी ही अडचण का मोठी आहे आणि ती टाळता कशी येईल, समजून घेऊया.

इम्प्लांट म्हणजे नेमकं काय?

बोलताना आपण सगळ्यालाच ‘इम्प्लांट’ म्हणतो. प्रत्यक्षात त्याचे तीन भाग असतात. पहिला, जबड्याच्या हाडात बसवलेला टायटेनियमचा आटे असलेला खुंटा. खरं इम्प्लांट तेच. दुसरा, त्यावर बसणारा जोडतुकडा, त्याला अबटमेंट म्हणतात. तिसरा, तोंडात दिसणारा दात किंवा दातांची अख्खी ओळ.

टायटेनियमला हाड धरून बसतं, हे स्वीडनचे संशोधक पर-इंगवार ब्रोनमार्क यांना १९५२ मध्ये सशांवर प्रयोग करताना लक्षात आलं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन या पहिल्या रुग्णाला असे खुंटे बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोपर्यंत म्हणजे चाळीस वर्षं ते चालले.

हाड आणि टायटेनियमची गाठ किती पक्की असते, हे त्यावरून कळतं. म्हणून तक्रार आली की आधी बघायचा तो खुंट्याच्या वरचा जोड.

स्क्रू की सिमेंट?

खुंट्यावर दात बसवायच्या दोन पद्धती आहेत. एकात दात सिमेंटने चिकटवतात. दुसऱ्यात तो स्क्रूने आवळतात, स्क्रूचं भोक टेफ्लॉन टेपने भरतात (प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो तीच) आणि वर दाताच्या रंगाचं फिलिंग करतात.

सिमेंटचा दात दिसायला चांगला, कारण त्याला भोक नसतं. पण जास्तीचं सिमेंट हिरडीखाली राहून गेलं, तर तिथे सूज येते आणि हळूहळू हाड झिजू शकतं. अमेरिकेत २००९ मध्ये ३९ रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिमेंटने बसवलेल्या ज्या इम्प्लांटभोवती त्रास दिसत होता, त्यांपैकी ८१ टक्के ठिकाणी उरलेलं सिमेंट सापडलं.

स्क्रूच्या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे दात काढता येतो. साफ करता येतो, दुरुस्त करता येतो, परत बसवता येतो. म्हणून जबड्याचे सगळे दात एकत्र बसवायचे असतील, तर स्क्रूलाच पसंती मिळते. पण स्क्रू आला की त्याच्या मागे स्क्रूचे नियमही आले.

स्क्रू सैल का होतो?

हे समजायला दातांच्या दवाखान्यापेक्षा वर्कशॉप बरं. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत १९१० पासून कारखाना आहे. साताऱ्यात कूपर कंपनी १९२२ पासून आहे. सातारा आणि मिरज-कुपवाड एमआयडीसीतल्या कुठल्याही फिटरला विचारलं, तर तो हेच सांगेल: बोल्ट नुसता फिरवून भागत नाही, तो ठरलेल्या टॉर्कने आवळावा लागतो.

कारण आवळलेला बोल्ट ताणलेल्या स्प्रिंगसारखा असतो. आवळताना तो किंचित लांबतो आणि मूळ लांबीवर यायला बघतो. त्या ओढीमुळे दोन भाग एकमेकांना घट्ट दाबून राहतात. अभियंते या ओढीला प्रीलोड म्हणतात. चावण्याचा जोर प्रीलोडपेक्षा कमी असेपर्यंत जोड उघडत नाही. प्रीलोड कमी पडला, तर दर घासाला जोड बारीकसा उघडतो-मिटतो आणि स्क्रू फिरत फिरत सैल होतो.

दातांच्या स्क्रूला कंपनी आणि प्रकारानुसार साधारण १५ ते ३५ न्यूटन-सेंटिमीटर टॉर्क लागतो. चारचाकीच्या चाकाच्या नटाला साधारण १०० न्यूटन-मीटर लागतो. म्हणजे दाताचा टॉर्क त्याच्या तीनशेव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी. इतका बारीक जोर बोटांच्या अंदाजाने बरोबर येईलच असं नाही, म्हणून छोटा टॉर्क रेंच वापरतात.

त्यातही लावलेला बहुतेक जोर, ढोबळमानाने ९० टक्के, घर्षणातच खर्च होतो. प्रत्यक्ष ओढीसाठी उरतो तो १० टक्क्यांच्या आसपास. शिवाय नव्या स्क्रूच्या आट्यांवर सूक्ष्म खडबडीतपणा असतो. तो दबला की प्रीलोड आणखी २ ते १० टक्क्यांनी उतरतो. म्हणून एकदा आवळल्यावर साधारण दहा मिनिटं थांबून तोच स्क्रू त्याच टॉर्कने परत आवळायची शिफारस केली जाते. घाईत सुटते ती नेमकी हीच पायरी.

खाण्याच्या सवयींचाही संबंध आहे. सरळ चावताना येणारा जोर जोडाला फारसा त्रास देत नाही, आडवा ओढणारा देतो. दातांनी ऊस सोलणं, सुपारी फोडणं, बाटलीचं झाकण उघडणं, झोपेत दात खाणं, या सगळ्यांत आडवा ताण येतो. उसाच्या पट्ट्यात ही सूचना फक्त कागदावर राहून चालत नाही.

‘फिट’ म्हणजे नुसतं बसणं नाही

एकच दात असेल तर प्रश्न सोपा असतो. चार किंवा सहा खुंट्यांवर दातांची अख्खी ओळ बसवायची असेल, तर सगळी भोकं एकाच वेळी तंतोतंत जुळावी लागतात.

नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती मऊ तंतूंची गादी असते. त्यामुळे दात २५ ते १०० मायक्रॉन हलू शकतो आणि थोडी चूक खपून जाते. इम्प्लांटला ही गादी नसते. ते फार तर ३ ते ५ मायक्रॉन हलतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज येईल.

वरची पट्टी खुंट्यांवर कुठलाही ताण न येता बसली, तर त्याला पॅसिव्ह फिट म्हणतात. तफावत १० मायक्रॉनपर्यंत असावी, असं ब्रोनमार्क यांचं म्हणणं होतं. स्वीडनमधलेच संशोधक टॉर्स्टन येम्ट यांनी १९९१ मध्ये १५० मायक्रॉनपर्यंतची मर्यादा व्यवहार्य मानली. दोन आकड्यांत पंधरापट फरक आहे. ताण अगदी शून्य करणं व्यवहारात कुणालाच जमत नाही, म्हणून तो कमीत कमी ठेवायचा.

फिट चुकीचा असेल तर काय होतं? स्क्रू आवळताना फट मिटल्यासारखी दिसते. पण ती मिटवण्यातच स्क्रूची ताकद संपलेली असते आणि दात धरून ठेवायला उरते थोडीच. अशा जोडात स्क्रू सैल होणं, तुटणं किंवा वरच्या पोर्सेलिनचा टवका उडणं, या तक्रारींची शक्यता वाढते.

हे तपासायची साधी युक्ती म्हणजे एक-स्क्रू चाचणी. पट्टी ठेवायची, एका टोकाचा एकच स्क्रू आवळायचा आणि दुसऱ्या टोकाला फट पडते का ते डोळ्यांनी आणि एक्स-रेवर बघायचं. फट पडली, तर पट्टी परत लॅबला पाठवायची.

डिजिटल स्कॅनने हा प्रश्न सुटला का?

काही प्रमाणात. एक-दोन दातांसाठी तोंडातला स्कॅनर चांगलं माप देतो. पण अख्ख्या जबड्याचं स्कॅन करताना कॅमेरा छोटे छोटे तुकडे जोडत पुढे जातो आणि बारीक चुका साठत जातात. त्यामुळे मोठ्या कामात माप पडताळायला वेगळी चौकट वापरतात किंवा फोटोग्रामेट्रीसारखी पद्धत घेतात.

काहींना त्याच दिवशी किंवा तीन दिवसांत दात देता येतात, यात खोटं काही नाही. पण हे दात अनेकदा तात्पुरते असतात. हाड भरल्यावर, काही महिन्यांनी, नवं माप घेऊन कायमचे दात करायचे असतात. रीलमध्ये हा भाग क्वचितच येतो. तात्पुरते दात कायमचे समजून लोक तेच वापरत राहतात.

सातारा-सांगलीचा प्रश्न वेगळा का?

इथे उपचार मिळत नाहीत असं नाही. सांगलीत भारती विद्यापीठाचं डेंटल कॉलेज आहे, कवलापूरला वसंतदादा पाटील डेंटल कॉलेज आहे, कराडजवळ मलकापूरला कृष्णा विश्व विद्यापीठाचं स्कूल ऑफ डेंटल सायन्सेस आहे. कृत्रिम दात बसवण्याचं शास्त्र, म्हणजे प्रोस्थोडॉन्टिक्स, या कॉलेजांत शिकवलं जातं. मिरज तर विल्यम वॉनलेस यांच्या काळापासून उपचारांचं गाव आहे. सीमेपलीकडून कर्नाटकातले रुग्णही तिथे येतात.

अडचण आहे ती अंतराची. मुलगा पुण्यात नोकरीला असतो, वडिलांचे दात तिथे बसतात. साताऱ्याहून पुणे साधारण ११० किलोमीटर, सांगलीहून त्याच्या दुप्पट. स्क्रू सैल झाला की वडील जवळच्या डॉक्टरांकडे जातात. डॉक्टर फिलिंग काढतात आणि थांबतात. वेगवेगळ्या कंपन्यांच्या स्क्रूंची डोकी वेगवेगळी असतात आणि त्यांचे ड्रायव्हरही. दहाचा बोल्ट अकराच्या पान्याने खोलला तर कडा झिजतात, तसंच इथे होतं. चुकीच्या ड्रायव्हरने डोकं घसटलं, की पाच मिनिटांचं काम काही तासांवर जातं.

म्हणजे स्क्रूचा जो सगळ्यात मोठा फायदा, दात काढून दुरुस्त करता येणं, तो रुग्णाजवळ माहिती असेल तरच हाती लागतो.

कायदा काय सांगतो?

भारतात मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७, हे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली आणि १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत सगळ्या वर्गांना टप्प्याटप्प्याने परवाना सक्तीचा झाला. वेष्टनावर उत्पादकाचं नाव आणि लॉट क्रमांक असणं बंधनकारक आहे. माहिती खोक्यावर असते. पण बहुतेकदा ते खोकं दवाखान्यातच राहतं.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत स्वतःच्या उपचारांची कागदपत्रं मिळण्याचा हक्क नमूद आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. अर्थात, स्क्रू सैल झाला म्हणजे डॉक्टरांनी हलगर्जीपणा केला असं आपोआप ठरत नाही. चांगल्या कामातही असं होऊ शकतं. पण वाद झालाच, तर कागद नसलेल्या रुग्णाच्या हातात काही राहत नाही.

रुग्णाने काय मागावं?

उपचार झाल्यावर एका कागदावर एवढं लिहून घ्यावं:

• इम्प्लांटची कंपनी, मॉडेल, जाडी-लांबी आणि लॉट क्रमांक (खोक्यावरचं स्टिकर असेल तर तेच चिकटवून घ्यावं)
• अबटमेंट कोणतं, दात स्क्रूचा की सिमेंटचा
• स्क्रूचा प्रकार, कोणता ड्रायव्हर लागतो, किती टॉर्कने आवळला
• बसवलेले दात तात्पुरते की कायमचे, कायमचे कधी करायचे
• दात बसवल्यानंतरचा एक्स-रे
• पुढच्या तपासणीची तारीख

या कागदाचा फोटो काढून घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून ठेवावा. कागद हरवतो, ग्रुप सापडतो.

दात हललाच तर?

त्या बाजूने चावणं लगेच थांबवावं आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं. सैल स्क्रूवर महिनोन्महिने जेवत राहिलं, तर तो वाकतो आणि खुंट्याच्या आत तुटतो. मग मात्र हाडात घट्ट बसलेलं इम्प्लांटही निकामी होऊ शकतं. फेविक्विकचा प्रयोग तर अजिबात करू नये. आणि डॉक्टरांनी नुसता स्क्रू आवळून दिला, तर तो सैल कशामुळे झाला हेही विचारावं. कारण फिट चुकलेला असेल, तर काही महिन्यांनी तोच स्क्रू परत सैल होणार.

इम्प्लांट ठरवताना सगळे दोनच प्रश्न विचारतात, किती खर्च आणि किती दिवस. त्यात तिसरा जोडायला हवा: हा दात उद्या दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांना काढता येईल, अशी माहिती लिहून देणार का? त्याचं उत्तर पैसे भरण्याआधी मिळालेलं बरं.