पाटा-वरवंटा, नग एक

परदेशी राहायला निघालेल्या माणसाकडे आपल्यात दोन पक्षांची माणसे भेटायला येतात. एक पक्ष ‘तिथे सगळं मिळतं’ म्हणणाऱ्यांचा आणि दुसरा ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्यांचा. पहिला पक्ष न्यायचे ते नेऊ देत नाही आणि दुसरा न्यायचे नाही ते न्यायला लावतो. चहा मात्र दोन्ही पक्ष घेतात. या दोघांविरुद्ध आज मी उभा राहणार आहे. गेली बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून काढल्यामुळे उभे राहायची संधी मला तशी कमीच मिळते, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

निमित्त असे घडले, की 2023 साली माझा धाकटा भाऊ सुधीर बायको-मुलीला घेऊन मेलबर्नला गेला. सहलीला नव्हे, बिऱ्हाड घेऊन. पूर्वी बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी आणि एक स्टोव्ह. टांग्यात मावत असे. आता ते न्हावा-शेवा बंदरातून कंटेनरने जाते. त्यात आई गेल्यापासून डोंबिवलीच्या आमच्या जुन्या दोन खोल्यांतले सामानही सुधीरच्याच घरी येऊन पडले होते. म्हणजे खोक्यांत भरायचे ते एक घर नव्हते, दीड होते.

पॅकिंगवाल्यांचा मुलगा टेप घेऊन मोजमापे घ्यायला आला, त्या दिवशी दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी घरात हजर होते. ‘तिथे सगळं मिळतं’तर्फे शेजारचे प्रधान आणि ‘काही होत नाही हो’तर्फे आमचे अण्णामामा. सोफा मोजून झाला, कपाट मोजून झाले, आणि तेवढ्यात सुधीरची बायको वृंदा स्वयंपाकघरातून म्हणाली, “आणि आईंचा पाटा-वरवंटा लिहा.”

बँकेत कोणी ‘आज एक तारीख आहे, पण गर्दी नाही’ असे म्हणाले तर पसरेल तशी शांतता पसरली.

“पाटा?” प्रधान म्हणाले. “अहो वहिनी, तिथे सगळं मिळतं! एक सोडून दहा मिक्सर मिळतील.”

“दगड न्यायचा ऑस्ट्रेलियाला?” अण्णामामा म्हणाले. “त्यापेक्षा धने ने, जिरे ने. कुकरच्या पोटात घाल. काही होत नाही गं!”

वृंदाने माझ्याकडे पाहिले. “भाऊजी, तुम्ही तरी सांगा.”

तर सांगतो. आधी प्रधानांचे घेऊ. तिथे सगळे मिळते हे मला मान्य आहे. पोह्यांपासून कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळे मिळते. मग जे मिळते तेच भाडे भरून न्यायचा शहाणपणा कुणाचा? कारण ‘तिथे सगळं मिळतं’ म्हणणाऱ्यांच्याच घरची माणसे निघताना काय नेतात ते मी पाहिले आहे. नवी गादी, नवा मिक्सर, नवा डिनर सेट. अमेरिकेला जाणारेसुद्धा मिक्सर नेतात! तिथली वीज 120 व्होल्टची, आपला मिक्सर 230 चा. तिथे गेल्यावर त्याला ट्रान्सफॉर्मर लागतो, तो मिक्सरपेक्षा जड. आणि मागे काय टाकतात? ज्याला दुकान नाही ते. आईच्या पाट्याला मधोमध एक खळगा आहे. पंचेचाळीस वर्षे लसणीची चटणी आणि दर होळीला पुरण वाटून तो पडलेला आहे. हा खळगा कुठल्या दुकानात मिळतो ते प्रधानांनी दाखवावे. मी दोन नग घेईन.

बरे, भावनेचे सोडा. मी बी.कॉम. आहे, भावना ही माझी शाखा नव्हे. हिशेब करू. समुद्रमार्गे जाणाऱ्या अशा घरगुती सामानाचे भाडे घनफळावर लागते. वजनाला तिथे सहसा कोणी विचारत नाही. आईचा पाटा दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि तीन इंच जाड. म्हणजे एक घनफूटसुद्धा नाही, पाऊण घनफुटाचा अर्धा. प्रधान ज्या गादीची तारीफ करत होते ती सहा फूट बाय पाच फूट बाय सहा इंच. म्हणजे पंधरा घनफूट. एका गादीच्या जागेत चाळीस पाटे जातात! वजन म्हणाल तर पाटा तीस किलोच्या आसपास, म्हणून विमानात नेणे अशक्य. तिथे एका बॅगेला बहुधा 23 किलो आणि वर हसतमुख बाई. पण जहाजाला दगड जड नाही, कापूस जड आहे. हे मी कागदावर करून दाखवले तेव्हा टेपवाला मुलगा म्हणाला, “साहेब बरोबर बोलतायत.” बावीस वर्षांत मला हे वाक्य कोणी पहिल्यांदाच ऐकवले.

आता कायद्याचे ऐका. ऑस्ट्रेलियाच्या कस्टमचा नियम असा, की घरगुती वस्तू तुमच्याकडे असून तुम्ही ती निघण्यापूर्वी निदान बारा महिने वापरलेली असली, तर तिच्यावर कर नाही. नवी असेल तर मात्र पावती दाखवा आणि कराच्या हिशेबाला बसा. अमेरिकेतही घरसामानाला वर्षभराचीच अट आहे, इंग्लंडात सहा महिन्यांची. म्हणजे पाहा, आपले नातेवाईक ज्याला ‘जुनेर’ म्हणतात त्याला परके सरकार ‘तुमचे’ म्हणते, आणि आपण जे ‘जाताना नवं घेतलंय’ म्हणून मिरवतो त्याकडे ते संशयाने बघते. तीन परक्या सरकारांना जे कळले ते प्रधानांना कळू नये? कस्टमवाल्यांना शिव्या देण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण या एका कलमापुरता मी त्यांच्या बाजूचा आहे.

खरी पंचाईत पुढे झाली. यादी करायची आणि प्रत्येक नगासमोर किंमत लिहायची. ही ‘किंमत’ नावाची उभी रेघ ज्याने पहिल्यांदा आखली त्याने कधी घर मोडलेले नसावे. घरात त्या रात्री दोन याद्या झाल्या. कस्टमच्या यादीत किंमत जितकी कमी तितकी बरी असा सगळ्यांचा कल, आणि विम्याच्या यादीत जितकी जास्त तितकी बरी. एकच प्रेशर कुकर, एका कागदावर चारशेचा आणि दुसऱ्यावर साडेचार हजारांचा! मी सुधीरला म्हटले, “अरे, एकाच खातेदाराच्या दोन सह्या जुळल्या नाहीत तर आम्ही चेक परत पाठवतो.” तेव्हा कुठे दोन्ही याद्या एकमेकींना ओळखू लागल्या. विमेवाला नवी वस्तू तिथे घ्यायला काय पडेल ते विचारतो आणि कस्टमवाला आहे त्या वस्तूची आजची किंमत विचारतो, हा फरक खरा आहे. पण फरक वेगळा आणि थापा वेगळ्या.

विम्यावरून एक जाता जाता. कॉलेजात ‘जनरल ॲव्हरेज’ नावाचे एक प्रकरण आम्हाला होते. जहाज संकटात आले आणि ते वाचवायला खर्च झाला, तर तो खर्च जहाजातल्या सगळ्या मालधन्यांत वाटून घ्यायचा. परीक्षेनंतर मी ते विसरलो होतो. पण मार्च 2021 मध्ये सुएझ कालव्यात एव्हर गिव्हन अडकले आणि जहाजाच्या मालकांनी हेच कलम काढले. जहाज दुसऱ्याचे, ते अडकवले तिसऱ्याने, आणि हमी द्या म्हणून कागद मात्र ज्याचा माल आत त्याला. विमा उतरवताना वृंदाला मी हे सांगितले, तर ती म्हणाली, “म्हणजे भिशीच की हो!” बी.कॉम.ची तीन वर्षे.

तर किंमत. घसारा म्हणून एक गोष्ट आम्हाला शिकवली. वस्तू वापरली की तिची किंमत दरसाल घटते. घटत्या शिलकेच्या पद्धतीने काढली तर ती कितीही वर्षे घटत राहते, पण शून्य कधी होत नाही. मास्तर हे फळ्यावर करून दाखवत तेव्हा मला ती पद्धत मूर्खपणाची वाटली होती. पाट्याचे मात्र त्याहून उलटे. तो जितका घासला जाईल तितका वाटायला सोपा. वृंदाने किमतीच्या घरात नुसती आडवी रेघ मारली. एजंट म्हणाला, “मॅडम, रेघ चालत नाही, काहीतरी लिहा.” तिने बराच वेळ पेन धरले आणि मग ‘रु. 200’ लिहिले. लिहून झाल्यावर ती उठून गॅलरीत गेली. मी यादीचे पुढचे पान उलटले.

त्या पानावर समई होती. ही समई अण्णामामांनी आमच्या आईला दिलेली, आणि ती ‘दीडशे वर्षांपूर्वीची, पेशव्यांच्या कारभाऱ्यांकडची’ असल्याचे आम्ही जन्मापासून ऐकत आलो. एजंटाने ते ऐकले आणि पेन खाली ठेवले. शंभर वर्षांपेक्षा जुन्या कारागिरीच्या वस्तूला 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे देशाबाहेर जाता येत नाही. जुनी नाही असे पुरातत्त्व खात्याकडून लिहून आणावे लागेल, तो म्हणाला. मामांनी घसा खाकरला. “तशी दीडशे वर्षं म्हणजे अगदी दीडशे नव्हे. मी तुळशीबागेतून आणलेली. 1974 साली.” एका कायद्याने पेशव्यांचा कारभारी पन्नास वर्षांत काढून टाकला.

आईच्या जेवायच्या पाटाचे मात्र नियमाने केले ते मला पटले. उलटा केला तर खालून पिठासारखा भुसा पडला. आत किडा होता. सागवानी असला तरी तो जाऊ शकत नव्हता आणि जायलाही नको होता. तो माझ्याकडे आला. उन्हात ठेवला आहे.

आता दुसरा पक्ष. ‘काही होत नाही हो.’ या चार शब्दांवर आपला अर्धा देश चालतो, आणि काही झाले की हे चार शब्द म्हणणारा माणूस कधीच जागेवर नसतो. फॉर्मवर स्पष्ट विचारतात : खाद्यपदार्थ आहेत का, बियाणे आहे का, लाकूड आहे का, मातीने मळलेले काही आहे का? पाट्याची वृंदाने तारेच्या ब्रशाने तीन दिवस अंघोळ घातली होती. केरसुणीसुद्धा तिने यादीत लिहिली होती. पण पॅकिंगची माणसे जेवायला गेली तेवढ्यात मामांनी कुकरच्या पोटात अर्धा किलो धने-जिरे घातले. प्रेमाने घातले, हे मी नाकारत नाही.

खपरा नावाचा एक भुंगा आहे. इंग्रजीतही त्याला हेच आपले नाव आहे. लांबी दोन-तीन मिलिमीटर. धान्यात पडतो, आणि त्याची अळी फटीत उपाशी वर्षानुवर्षे जिवंत राहते. आमच्या काउंटरवरही अशी एकदोन खाती आहेत. ऑस्ट्रेलिया गहू विकणारा देश, तिथे हा भुंगा रुजलेला नाही, आणि तो रुजला तर त्यांचा गहू घ्यायला बाहेर कोणी तयार होणार नाही. म्हणून 2020 साली त्यांनी एक यादीच काढली. तांदूळ, मूग, चवळी, धने, जिरे, सुकी मिरची, असले काही घरसामानातून आणायचे नाही. यादी वाचली तर आपल्या फडताळातले डबे ओळीने वाचल्यासारखे वाटते. राग येतो, कबूल. पण ज्याच्या घरी जायचे त्याला आपल्या किड्याची भीती वाटली तर त्यात त्याचे काय चुकले?

अडीच महिन्यांनी सुधीरचा फोन आला. कुकरचे खोके उघडले होते. यादीत ‘कुकर, नग एक’, आणि आत धने-जिरे. ते नष्ट केले, नष्ट करण्याचे पैसे लावले, आणि मग बाकीची खोकीही एकेक करून तपासायला घेतली. दोन आठवडे बिऱ्हाड गोदामात, मुलगी जमिनीवर चटई टाकून झोपते आहे. मी मामांना फोन केला. ते म्हणाले, “असं? कमाल आहे. आमच्या साडूच्या मुलीचं काही झालं नव्हतं.” पण मामा, खाली सही तुमची नव्हती. सुधीरची होती. ‘वरील माहिती खरी आहे’ या ओळीखाली माझ्या भावाचे नाव होते, आणि परक्या देशात त्याची पहिली ओळख कागदावर ही अशी झाली. बँकेत आम्ही माणसे विसरतो, सह्या विसरत नाही.

पाट्याबद्दलही विचारणा झाली. एजंटामार्फत प्रश्न आला, ही दगडी वस्तू कशाकरिता? वृंदाने उत्तर लिहिले : चटणी वाटण्यासाठी, हाताने चालते. बरोबर फोटो जोडला. दुसऱ्या दिवशी पाटा सुटला. गादी अजून तिथेच होती.

हल्ली रविवारी ती त्यावर चटणी वाटते. एकच अडचण आहे. पाटा गुळगुळीत झाला आहे, त्याला टाकी लावायला हवी, आणि मेलबर्नमध्ये टाकी लावणारे कोणी नाही. प्रधानांना मी हे मुद्दाम जाऊन सांगितले. इथेही टाकीवाली आमच्या गल्लीत येऊन वर्षे झाली. शेवटी कल्याणच्या एका पाथरवटाकडून मी टाकी आणि हातोडी विकत आणली, आणि कसे मारायचे तेही शिकून घेतले. पोस्टाने धाडली तर एवढ्याशा वस्तूचा कोणी हिशेब मागणार नाही, हे मलाही कळते. पण वृंदा पुढच्या मे महिन्यात येणार आहे, ती सामानातून नेईल, आणि यादीत मला ‘वापरलेली’ असे खरे लिहायचे आहे. म्हणून रोज ऑफिसातून आल्यावर मी दहा मिनिटे गॅलरीत बसून एका फरशीच्या तुकड्यावर टाकी मारतो. बारा महिन्यांपैकी चार झाले. आमची ही म्हणते, खालच्या मजल्यावरचे विचारत होते.