चोक गेला की बल्ब? जुन्या पथदिव्यांचा खर्च आणि खांबावरचा धोका

वैजापूर : गावातला दिवा बंद पडला की आपल्याकडे ठरलेलं असतं. ग्रामपंचायतीच्या शिपायाला किंवा गावातल्या वायरमनला हाक मारायची, त्याने शिडी लावायची, बल्ब बदलायचा. दिवा लागला तर ठीक, नाही लागला तर “चोक गेला” म्हणून मोकळं व्हायचं. पावसाळ्यात तर ही धावपळ रोजचीच. पण हे काम जितकं साधं दिसतं तितकं ते नाही. यात पंचायतीचा पैसाही जातो आणि कधी माणूसही जातो.

केंद्र सरकारने ५ जानेवारी २०१५ रोजी पथदिव्यांसाठी राष्ट्रीय एलईडी कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर देशभरात एक कोटीहून जास्त दिवे बदलले गेले. तरीही बाजार आवार, मंदिर परिसर, जिनिंगचं आवार, जुना हायमास्ट अशा ठिकाणी सोडियमचे पिवळे दिवे किंवा मेटल हॅलाइडचे पांढरे दिवे कुठे ना कुठे टिकून आहेत. नवीन दिव्यांना निधी मिळेल तेव्हा मिळेल, तोवर जुन्यांची दुरुस्ती चालूच राहणार. प्रश्न एवढाच, की ती समजून करायची की अंदाजाने?

आधी हा दिवा चालतो कसा ते पाहू. सोडियमचा बल्ब थेट २३० व्होल्टवर चालत नाही. त्याला तीन सोबती लागतात. चोक, म्हणजे बॅलास्ट, करंट आवरून धरतो. इग्निटर सुरुवातीला काही हजार व्होल्टचा झटका देऊन बल्ब पेटवतो. कंडेन्सर लाइनवरचा भार कमी करतो. बल्ब धरून या चौघांपैकी कोण बिघडलं हे लक्षणांवरून बऱ्याचदा कळतं.

दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो, गार झाला की पुन्हा लागतो, असं रात्रभर चालू असेल तर बहुतेक वेळा बल्ब म्हातारा झालेला असतो. तिथे चोक बदलणं म्हणजे पैसे पाण्यात. नवीन बल्ब टाकूनही पेटत नसेल तर इग्निटर, होल्डर आणि जोडण्या तपासायच्या. काहीच हालचाल नसेल तर आधी फ्यूज आणि सप्लाय, मग चोक. जळका वास, काळवंडलेली गुंडाळी, वितळून ओघळलेलं वार्निश दिसलं तर चोक संपला. नुसती घरघर असेल तर पट्ट्या किंवा बोल्ट ढिले असू शकतात.

लाइट जाऊन आली की मेटल हॅलाइडचा दिवा लगेच पेटत नाही, दहा-पंधरा मिनिटं घेतो. तो बिघाड नाही. आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे अशा वेळी चांगला बल्बही काढून टाकला जातो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कंडेन्सरकडे. तो गेला तरी दिवा लागतोच, म्हणून कुणी पाहत नाही. पण २५० वॅटच्या सोडियमला कंडेन्सर धड असेल तर दीड अँपिअरच्या आत भागतं, नसेल तर तीन अँपिअरच्या आसपास लागतात. करंट दुप्पट झाला की वायरमध्ये उष्णता चौपट होते. एकाच वायरवर दहा-पंधरा दिवे असले की जोड तापतात, फ्यूज उडतो, आणि मग फ्यूजच्या जागी जाड तार टाकली जाते. आगीची सुरुवात तिथून होते.

दुसरी चूक म्हणजे गेलेला बल्ब तसाच ठेवणं. बल्ब पेटत नसला तरी साधा इग्निटर रात्रभर झटके देत राहतो. त्याने इग्निटर आणि चोकचं इन्सुलेशन दोन्ही खराब होतात. एका बल्बाचा खर्च टाळायला गेलेली पंचायत तिन्ही वस्तू विकत घेते. २५० च्या बल्बाला ४०० चा चोक लावणं तर सरळ घातक. बल्ब फुटू शकतो.

आता जिवाचं. दिवा चालू असताना होल्डरवर मीटर लावायचं नाही, इग्निटरचा झटका मीटरही जाळतो आणि माणसालाही धरतो. सप्लाय बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो. तो रेझिस्टरने उतरवायचा, पेचकसने ठिणगी पाडून नाही. मेटल हॅलाइड किंवा मर्क्युरीच्या बल्बाची बाहेरची काच फुटली आणि तो तरीही जळत असेल तर लगेच बंद करा, त्यातून निघणारे अतिनील किरण डोळे आणि कातडी भाजतात. फुटक्या बल्बात पारा असू शकतो, तो उकिरड्यावर टाकायचा नसतो. आणि लोखंडी खांबाला अर्थिंग नसेल तर पावसात तो खांब जनावराचाही जीव घेतो.

महावितरणच्या खांबावर परवानगीशिवाय, लाइन बंद झाल्याची खात्री न करता चढणं हा तर नियमभंगच. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांनुसार असं काम नेमलेल्या, जाणकार माणसानेच करायचं असतं. अपघात झाला तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे विद्युत निरीक्षकाला कळवावं लागतं. पण शिपायाला “जा रे, बघून ये” म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

एलईडी लावतानाही जुना चोक आणि इग्निटर सर्किटमधून काढावे लागतात, नाहीतर इग्निटरचा झटका नव्या दिव्याचा ड्रायव्हर उडवतो. फायदा मात्र मोठा आहे. चोकसकट २८० वॅट खाणारा दिवा रोज अकरा तास चालला तर महिन्याला ९२ युनिट होतात, १०० वॅटच्या एलईडीला ३३. पथदिव्यांच्या थकीत बिलावरून पंचायती आणि महावितरण यांच्यात वाद होतात, तेव्हा हे ५९ युनिट छोटे नाहीत.

घरपट्टीसोबत आपण दिवाबत्ती कर भरतो, तेव्हा विचारण्याचा हक्कही आपला आहे. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. गावात कोणत्या खांबावर किती वॅटचा कोणता दिवा आहे, याची नोंदवही आहे का? वर्षभरात बल्ब, चोक, कंडेन्सर यांवर वेगवेगळा किती खर्च झाला? आणि खांबावर चढणाऱ्या माणसाकडे परवाना, हातमोजे, सेफ्टी बेल्ट आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर “नाही” आलं, तर चार दिवस अंधार राहिला तरी चालेल, त्या माणसाला वर चढवू नका. खांबावर करंट लागत असेल तर हात न लावता लांब राहा आणि १९१२ वर कळवा.