अर्ध्या खेळाची पूर्ण किंमत

व्हिडिओ गेम अर्धाकच्चा बाजारात आला की त्याच्या बचावाला एक वाक्य तयारच असते: आज आहे तसा घ्या, राहिलेले पॅचमध्ये येईल. हे म्हणणारे फक्त कंपन्यांचे प्रवक्ते असते तर दुर्लक्ष करता आले असते, पण खेळणारेही तेच म्हणतात आणि त्यांची उदाहरणे खोटी नसतात. ऑगस्ट २०१६ मध्ये आलेला ‘नो मॅन्स स्काय’ आधी गाजावाजा केलेल्या कित्येक गोष्टींवाचूनच विकला गेला आणि पुढे वर्षानुवर्षे फुकट अपडेट देत सावरला. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा प्लेस्टेशन ४ वर इतका कोलमडत होता की आठवड्याभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून उतरवला. सप्टेंबर २०२३ मध्ये मोठी मोफत सुधारणा आली, पाठोपाठ ‘फँटम लिबर्टी’ हा सशुल्क विस्तार आला, आणि त्याच खेळाची वाहवा झाली. मग तक्रार कसली, असा पूर्वपक्ष आहे.

तक्रार व्यवहाराची आहे. खेळ सुधारला म्हणून झालेला सौदा मागाहून प्रामाणिक ठरत नाही. डिसेंबर २०२० मध्ये ज्याने पुरे पैसे मोजले, त्याने कंपनीला जवळजवळ तीन वर्षांचे बिनव्याजी कर्ज दिले, तेही न विचारता. ‘फँटम लिबर्टी’ तर प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनसाठी आलाच नाही, म्हणजे ज्यांच्या यंत्रांवर खेळाची सर्वांत जास्त दुर्दशा झाली तेच मेजवानीतून वगळले गेले. पॅचचा हिशेबही घरात फायबर असलेल्या शहरी माणसाने मांडलेला आहे. बुलढाण्याजवळच्या देऊळघाटसारख्या गावात ज्याचे इंटरनेट म्हणजे मोबाइलचे रोजचे दीड-दोन जीबी, त्याला तीस जीबीचा पॅच उतरवायला दोन-तीन आठवड्यांचा डेटा लागतो, आणि तोवर घरातल्या कोणी दुसरे काही बघायचे नाही. ‘नंतर दुरुस्त करू’ या धोरणाचा खर्च असा सगळ्यांत कमी सोय असलेल्याच्या माथी जातो. पॅच म्हणजे वरातीमागून आलेले घोडे, आणि त्या घोड्यांचा चाराही नवरदेवानेच पुरवायचा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खेळ बनवणे महाग झाले आहे, शेकडो माणसांचे पगार चढत असतात, तारीख पुढे ढकलत बसले तर स्टुडिओ बुडेल. काही वेळा हे खरे असतेही. पण ‘सायबरपंक’च्या निर्मात्या कंपनीने स्वतःच जाहीर केले होते की डिजिटल पूर्वनोंदणीतून येणाऱ्या रकमेतच निर्मिती आणि जाहिरात दोन्हींचा खर्च निघाला. खेळ हातात पडण्याआधीच गिऱ्हाइकांनी सगळा खर्च भरून दिला असेल, तर बुडण्याची भीती हे घाईचे कारण उरत नाही. उरतो तो नाताळचा हंगाम.

थांबल्याने काय होते याचे उदाहरण आपल्या पुण्या-मुंबईतच आहे. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ हा २००३ चा गाजलेला खेळ नव्याने घडवण्याचे काम युबिसॉफ्टने आपल्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिले. १० सप्टेंबर २०२० ला घोषणा झाली आणि प्रकाशनाची तारीख होती २१ जानेवारी २०२१, म्हणजे जेमतेम चार महिन्यांवर. ट्रेलरमधले चेहरे, प्रकाश, हालचाली पाहून जगभर टर उडाली. चित्रे दहा वर्षे जुनी वाटतात असे लोक म्हणाले, आणि ते चूक नव्हते. तारीख आधी मार्चवर गेली, फेब्रुवारी २०२१ मध्ये बेमुदत लांबली. मे २०२२ मध्ये काम मूळ खेळ घडवणाऱ्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेले, त्याच वर्षी पूर्वनोंदणीचे पैसे परत झाले, आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्प रद्द झाल्याचे कंपनीने सांगितले. पूर्वपक्षाचा माणूस इथे टाळी वाजवेल: बघा, थांबला तो संपला! मी याच घटनेचा अर्थ उलटा लावतो. एवढ्या लांबलेल्या फजितीत गिऱ्हाइकाचा रुपया बुडाला नाही. तोटा झाला तो धोका पत्करणाऱ्या कंपनीला, आणि नफा ज्याचा, तोटाही त्याचाच, हीच व्यापाराची जुनी रीत आहे. तोच खेळ जानेवारी २०२१ मध्ये रेटून काढला असता तर तोटा हजारो घरांत वाटला गेला असता. राहता राहिली पुण्या-मुंबईच्या कलाकारांवर झालेली चिखलफेक. एवढ्या जवळची तारीख जाहीर करून मगच काम दाखवायचे, हा व्यापारी निर्णय असतो. तो रंग भरणाऱ्या माणसाचा नसतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय.

लहान स्टुडिओंकडे पैसाच नसतो, त्यांनी काय करायचे, असेही विचारले जाते. याला पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचे उत्तर आहे. त्यांच्या ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ची लोकवर्गणीची मोहीम २०१७ मध्ये फसली, तरी २०२० मध्ये खेळ आला. तो लहान होता, काही तासांत संपणारा, आणि गोष्ट अचानक तुटते ही टीका रास्तच होती. पण तोकडा खेळ वेगळा आणि कच्चा वेगळा. जे दिले ते घडवून दिले, आणि २०२२ ची सुधारित आवृत्ती, हिंदी आवाजांसह, जुन्या गिऱ्हाइकांना फुकट दिली. खिसा हलका असताना हे जमते, तर अब्जावधींच्या कंपन्यांची सबब कोणी ऐकावी?

सशुल्क विस्तारांना माझा सरसकट विरोध नाही. ‘द विचर ३’चे दोन विस्तार किंवा ‘एल्डन रिंग’चा ‘शॅडो ऑफ द अर्डट्री’ ही पैसे वसूल करणारी कामे आहेत, पण ती धड उभ्या असलेल्या खेळांवर चढवलेली होती. ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला तो अडखळत, धापा टाकत. त्याची दुखणी बरी होण्याआधीच मार्च २०२४ मध्ये ‘बीच प्रॉपर्टीज’ नावाचा विकतचा भाग आला: किनाऱ्यालगतची घरे होती, ताडामाडाची झाडे होती, पण किनारा तयार करण्याची सोयच नव्हती. गिऱ्हाईक असे खवळले की तीन आठवड्यांत कंपन्यांनी माफी मागितली, पैसे परत केले आणि तो भाग फुकट करून टाकला. यात गंमत आहे तितकाच बोधही आहे. ग्राहक अडून बसला की ‘अशक्य’ गोष्ट तीन आठवड्यांत शक्य होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे दुखणे ओळखीचे वाटेल, कारण बिल्डरांशी आपली हीच लढाई झाली. लिफ्ट नाही, पाणी नाही, तरी ताबा घ्या, आणि हो, पार्किंगचे पैसे वेगळे! रेरा कायदा आला, १ मे २०१७ पासून महारेरा सुरू झाले, आणि घेणाऱ्यांचे सत्तर टक्के पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवणे, ताब्यानंतर पाच वर्षांत निघालेले बांधकामाचे दोष स्वखर्चाने निस्तरणे बिल्डरला बंधनकारक झाले. तेव्हाही धंदा बसेल अशी ओरड झालीच होती. इमारती आजही उठताहेत. खेळ म्हणजे घर नव्हे, सॉफ्टवेअर कधीच पूर्ण होत नसते, असे कोणी म्हणेल. पूर्ण म्हणजे निर्दोष असे मी म्हणतच नाही. जे दाखवून पैसे घेतले ते पहिल्या दिवशी असणे, एवढाच पूर्णतेचा अर्थ पुरेसा आहे. त्याच मापाने विस्तारालाही अट घालता येते: मूळ खेळातले मान्य केलेले दोष मिटेपर्यंत नवा भाग विकू नये.

‘कोणी जबरदस्ती केली नाही, घेऊ नका’ हा शेवटचा बचाव. घेण्याआधी कळायला मार्ग हवा ना! स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मिळतात. पण घाईत उरकलेला मजकूर पहिल्या दोन तासांत सहसा नसतो, तो उत्तरार्धात असतो, जिथे परीक्षकही घाईनेच पोचतो. ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’ डिसेंबर २००४ मध्ये नाताळ गाठण्यासाठी असाच काढला गेला, शेवटाकडचे भाग कापलेले राहिले, आणि ते जोडण्याचे काम पुढे चाहत्यांनी फुकट केले. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे, त्याखालचे ई-कॉमर्स नियम डिजिटल वस्तूंनाही लागू आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा पूर्वनोंदणी करू नका, मूळ खेळ नीट चालेपर्यंत विस्तार घेऊ नका, आणि फसवणूक झाली तर समाजमाध्यमावर चिडून गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.