बीपीच्या गोळ्या संपल्या की दोष पेशंटलाच?

"लोकं गोळ्याच नीट घेत नाहीत हो!" बीपीचा विषय निघाला की सरकारी असो वा खासगी, दवाखान्यात हेच उत्तर मिळतं. पेशंट अडाणी, पेशंट बेफिकीर, पेशंटला पापड-लोणचं सुटत नाही. चला, हे सगळं खरं धरू. मग महिनाभराच्या गोळ्या एकदम का देत नाही, तेवढं सांगा.

हिशेब करा. वाडीवरची साठीची बाई खुरपणीला जाते. दहा दिवसांच्या गोळ्या हातावर टेकवल्या, म्हणजे महिन्याला तीन खेपा. एसटीत हाफ तिकीट आहे, पण बुडालेला रोज कोण भरून देणार? त्यात खिडकीवर ऐकायचं, "स्टॉक नाही, पुढच्या आठवड्यात या." ती येत नाही. का येईल? तिला काही होतच नाही. बीपी दुखत नाही, हीच त्याची खोड. मग एक दिवस तोंड वाकडं होतं, अर्धं अंग जातं आणि तिच्यामागे अख्खं घर बसतं.

जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३ चा अहवाल सांगतो, भारतात ३० ते ७९ वयाच्या १०० बीपीवाल्यांपैकी फक्त ३७ जणांना आपला आजार माहीत आहे. बीपी आटोक्यात आहे जेमतेम १५ जणांचं. उरलेले ८५ सगळे बेफिकीर?

आता डॉक्टर मंडळींसाठी दोन शब्द, राग मानू नका. बीपी १६० वर आहे आणि चिठ्ठीवर "तीच गोळी चालू ठेवा". तीन महिने तेच. डोस वाढवायचा की दुसरी गोळी जोडायची, हे पेशंटनं ठरवायचं का? गुडघेदुखीसाठी रोज कुठली गोळी खाता, हे किती जण विचारतात? त्यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात. जिना चढून आलेल्या माणसाच्या शर्टाच्या बाहीवरच पट्टा बांधला, तर आकडा खरा कसा येणार?

हे अशक्य काम नाही. केंद्राचा हायपरटेन्शन कंट्रोल उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा आपल्या राज्यातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे त्यात होते. सूत्र साधं: ठरलेल्या दोन-तीन स्वस्त गोळ्या, एकदम ३० दिवसांच्या, घराजवळच्या केंद्रात, आणि जो येत नाही त्याचा पाठपुरावा. उपचाराखालच्या साधारण निम्म्या लोकांचं बीपी आटोक्यात आलं. माणसं तीच होती. लोणचंही तेच होतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. छान. पण मोफत केसपेपर गिळून बीपी उतरत नाही, साहेब. गोळी लागते.

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा. उपकेंद्रात बीपीच्या किती दिवसांच्या गोळ्या शिल्लक आहेत? ३० दिवसांच्या एकदम का देत नाही? गेल्या महिन्यात जे पेशंट आले नाहीत, त्यांच्या घरी कोण गेलं? उत्तर लेखी मागा.

आणि मंडळी, बरं वाटतंय म्हणून मनानं गोळी बंद करू नका. बरं वाटतंय ते गोळीमुळंच. भांडायचं तर गोळी खाऊन भांडू.

पटलं तर गावाच्या ग्रुपवर टाका.