इंजिनिअरने पावसाळ्यात यावे

इंजिनिअर म्हणजे कोण, याबद्दल आमच्या चौथीच्या वर्गात निरनिराळी मते आहेत. काही मुले म्हणतात, जो इंजिन चालवतो तो इंजिनिअर. अकोला-पूर्णा मार्गाची गाडी वाशीम स्टेशनवर येते, तिच्या इंजिनात बसलेला माणूस ते सांगतात. पण तो तर ड्रायव्हर. काही म्हणतात, वावरातली मोटार दुरुस्त करतो तो. पण तो मिस्त्री. काहींना वाटते, जो जीपमधून उतरतो, तीन पायांच्या दुर्बिणीतून पाहतो आणि चहा पिऊन जातो, तो इंजिनिअर.

माझे मत असे आहे की, काम सुरू होण्याच्या आधी जो मोजतो आणि विचार करतो, तो इंजिनिअर. आपले गणित चुकले तर गुरुजी लाल खूण करतात. इंजिनिअरचे गणित चुकले तर साऱ्या गावाला भोगावे लागते.

१५ सप्टेंबर हा अभियंता दिन असतो. १८६१ साली या दिवशी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म झाला. त्यांनी पुण्याजवळच्या खडकवासला धरणाला १९०३ साली आपोआप उघडणारी दारे बसवली. पाणी ठरलेल्या उंचीच्या वर चढले की दारे उघडत आणि उतरले की बंद होत. म्हणजे पूर येण्याच्या आधीच त्यांनी पुराचा विचार करून ठेवला होता.

आपल्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा या तालुक्यांतून तो गेला आहे. तो ७०१ किलोमीटर लांब आहे आणि ५ जून २०२५ रोजी पूर्ण सुरू झाला. या रस्त्यावर जंगली प्राण्यांना इकडून तिकडे जाण्यासाठी वरून व खालून वाटा ठेवल्या आहेत. प्राण्यांनी काही अर्ज केला नव्हता. तरी त्यांच्या वाटेचा विचार झाला. हे मला फार आवडले.

मग आमच्या वाटेचा विचार का होऊ नये? आम्ही सहा मुले नाल्यापलीकडून शाळेत येतो. नाल्यावर रपटा आहे. त्याचे पाइप लहान आहेत. मोठा पाऊस आला की वावरातल्या पऱ्हाट्या वाहून येतात आणि पाइपात अडकतात. मग पाणी रपट्यावरून जाते. माय म्हणते, “नाल्याले पूर आला, आज शाळेत जाऊ नको.” वर्गात धडा पुढे जातो आणि आम्ही घरीच राहतो.

उन्हाळ्यात नाला पाहिला तर त्यात शेळीचा पायसुद्धा भिजत नाही. तेव्हा मोजून पूर कसा समजेल? म्हणून माझे म्हणणे आहे की, इंजिनिअरने पावसाळ्यात यावे. काठावरच्या बाभळीला कचरा कुठवर अडकला ते पाहावे. म्हाताऱ्या माणसांना विचारावे, कारण सर्वात मोठा पूर त्यांनीच पाहिला आहे. पाइपाचे तोंड किती मोठे पाहिजे, ते मग ठरवावे.

पालकांनो, तुम्ही हे वाचत असाल तर ग्रामसभेत ही गोष्ट जरूर मांडा. आम्ही लहान असल्यामुळे आम्हाला तिथे बोलता येत नाही. पण कोणी मोजायला आले तर पूर कुठवर चढतो, ती जागा आम्ही सहाही जण दाखवू.

— इयत्ता ४ थीची एक विद्यार्थिनी